अक्कांचा बुधवार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी आईलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही पुणतांब्याचे नाही आणि आमच्या अक्कांना ओळखत नाही — एवढंच.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमची वस्ती गावाबाहेर, शेतात. दोघींची घरं एकाच अंगणात. टीव्ही फक्त माझ्याकडे. बिनरिचार्जची फुकट डिशची छत्री, आणि तिच्या खोक्याला पेन ड्राइव्ह लावला की चालू असलेला कार्यक्रम भरून घेता यायचा. ते बटणांचं काम घरात मला एकटीलाच जमायचं. त्याचा मला तोराही होता — खोटं कशाला बोलू?

अक्कांची पेरूची बाग. फांद्या वाकवून, सुतळीनं खाली बांधून त्या असा बहार धरायच्या की लांबून लोक बघायला यायचे. एकदा सरकारी वाहिनीवरच्या शेतीच्या कार्यक्रमाची माणसं आली. शूटिंगसाठी अक्कांनी माझी जांभळी साडी मागितली. मी हसत दिली.

कार्यक्रम बुधवारी संध्याकाळी लागणार होता. नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई श्रीरामपूरला दवाखान्यात. बुधवारी त्यांच्याजवळ मी थांबायचं ठरलं होतं. पण मी गेले तर भरून कोण घेणार? अक्काच म्हणाल्या, मी जाते, तू तेवढं नीट भरून ठेव, आल्यावर बघेन. स्वतःला टीव्हीवर बघायचं सोडून त्या माझ्या वाटची सेवा करायला गेल्या.

मी भरून घेतलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न सुटता. आणि बघितलंही. अक्का किती छान बोलत होत्या — कुठे अडखळणं नाही, घाबरणं नाही. चौथी शिकलेली बाई. मी बारावी. माझी साडी त्यांना माझ्यापेक्षा शोभत होती. मला काय झालं? पोटात दुखलं, दुसरं काही नाही. मत्सरच तो. वाटलं, आता हे रोज लागणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं जाणार — आणि बटण दाबायला मी.

पडद्यावर विचारत होतं, पुसायचं का — हो की नाही. चुकून झालं म्हणायची सोयच नाही. मी 'हो'वर गेले आणि दाबलं.

दुसऱ्या दिवशी अक्का एसटीतून उतरून, हातात पिशवी तशीच घेऊन थेट माझ्या दारात. मी सांगितलं, आभाळ भरून आलं होतं, चित्रच गेलं. त्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं. गावात ज्यांनी कार्यक्रम बघितला, त्यांच्यापैकी कुणीतरी पुढे अक्कांना बोललंच असेल ना? पण त्यांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, “असू दे गं शालन. परत दावतीलच की कवातरी.”

आणि मी म्हणाले — हो, दाखवतात की परत. हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा वाईट हेच.

तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी हातपाय धुऊन अक्का माझ्याकडे येऊन बसतात. सासूबाई गेल्या. ते खोकं जळालं, नवं आलं. कार्यक्रमाचं नावसुद्धा बदललं. आता मोबाईलवर हवं ते सापडतं म्हणतात — तो भाग सापडत नाही, मी गुपचूप पुष्कळ शोधलाय. अक्का मात्र येतात.

गेल्या वर्षापासून त्यांना नीट दिसत नाही. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. टीव्हीवर नुसते रंग हललेले कळतात. म्हणून आता त्या मलाच विचारतात,

“शालन, जांभळं लुगडं दिसलं का गं?”

मी त्यांच्या शेजारी बसलेली असते. टीव्हीकडे बघते आणि सांगते, नाही अक्का, आज नाही. येत्या बुधवारीही मी हेच सांगणार आहे.