बायचा पाय

बायने माझ्या पाठीवर पाय ठेवला, कमरेत कट्‌ झालं आणि माझा उजवा पाय गेला. गेला म्हणजे जागेवरच होता, पण माझा राहिला नाही. मी अंगणात पालथी पडले होते. सासू म्हणाली, "ऊठ आता." उठायला गेले तर पाय ओल्या चिंधीसारखा मागे लोळत आला. बाय तिथेच मटकन खाली बसली. ती एवढंच म्हणाली, "काय केलं गो मी?"

बाय म्हणजे माझी थोरली जाऊ. ती पायाळू, आईच्या पोटातून पाय पुढे करून आलेली. अशा माणसाने पाठीवर पाय ठेवला की उसण जाते, असं आमच्याकडे सगळेच मानत. पार माजिवड्यापासून लोक तिच्याकडे येत. मी लग्न झाल्यापासून खाडीकाठच्या मिठागरात डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहत होते. कमरेतून निघालेली कळ मांडीतून पोटरीत उतरायची, कुणी आतून तापलेली तार ओढावी तशी. मला वाटलं उसणच आहे. बायलाही तेच वाटलं. तिने पाय जोरात दिला नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढे गावाने तिला नको नको ते ऐकवलं.

नवऱ्याने बैलगाडीत घालून ठाण्याला नेलं. डॉक्टरने पायाला टाचणी टोचली. टोचलेलं मला दिसत होतं, कळत नव्हतं. मणक्यापाशी शीर दाबली गेली आहे, म्हणाला. कडक फळीवर न हलता पडून राहायचं, पावसाळ्यापर्यंत फरक पडला नाही तर मुंबईला पाठीचं ऑपरेशन. "मग चालेल ना ही?" नवऱ्याने विचारलं. "सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाला. खरं बोलला म्हणून मला राग आला नाही. भीती मात्र बसली. आमच्या घरात न चालणाऱ्या बाईला जागा नव्हती, हे मला कुणी सांगायला नको होतं.

पडून राहा म्हणणं सोपं. सासू वाईट नव्हती, पण आजारी पडून राहिलेली बाई तिने घरात पाहिलीच नव्हती. "हात तर धड आहेत ना गो?" म्हणायची आणि तांदळाचं सूप पुढे सरकवायची. मी कुशीवर व्हायची, खडे वेचायची आणि कळ पुन्हा चढायची. असं चाललं असतं तर मी ऑपरेशनच्या टेबलावर नक्की गेले असते.

एका सकाळी बायने चुलीपाशी सांगून टाकलं की तिने गावदेवीला शब्द दिला आहे. धाकटी, म्हणजे मी, देवीपुढे धरणं धरील, देवीच्या पायाशी आडवी पडेल आणि देवी उठवील तेव्हाच उठेल. मला तिने विचारलंही नव्हतं.

सासू म्हणाली, "आणि तिच्या टोपल्या?"

"मी वाहीन."

"दोघींच्या?"

"डोकं एकच हाय, आत्याबाई. एकीवर एक ठेवीन."

सासूला हसू आलं, पण ती देवीच्या शब्दाला नाही कसं म्हणणार? मला दाराच्या फळीवर घालून देवळात नेलं. तिथे फरशी गार आणि कडक होती. मी देवीला मानायची, पण तिच्यावर भार टाकून राहायची मला सवय नव्हती. पहिले काही दिवस मी तिच्याकडे नुसती रागाने बघत होते. शेंदूर फासलेलं ते तोंड काही बोलत नव्हतं. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की इथे मला कुणी सूप देत नाही, कुणी हाक मारत नाही. घरात पडलेल्या बाईला कुणीही उठवतं, देवीपुढे पडलेल्या बाईला उठवायची कुणाची छाती नव्हती. हे बायच्या मनात आधीपासून होतं की देवीने तिच्याकडून करवलं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी तिला कधी विचारलं नाही.

बाय रोज पेज आणायची, मला या कुशीवरून त्या कुशीवर करायची, पुसून काढायची. उसणवाल्यांना तिने परत पाठवायला सुरुवात केली. म्हणायची, "तो पाय आता देवीचा झाला."

ऊन फार चढलं होतं त्या दिवसांत एकदा ती मिठागरातून सरळ देवळात आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. माझ्या पायाशी उभी राहून तिने ओचा पिळला. खारं पाणी माझ्या टाचेच्या भेगांवर पडलं आणि मी ओरडले, "मेले गो बाय! झोंबतंय!"

ती थांबली. "काय म्हणालीस?"

"झोंबतंय म्हणतेय, बहिरी झालीस का?"

तिने मुद्दाम पुन्हा पिळलं. मी पुन्हा शिव्या दिल्या. ती हसत होती, मग रडायला लागली, मग देवीपुढे डोकं टेकून तशीच पडून राहिली. इतक्या दिवसांनी माझा पाय दुखला होता. त्या दुखण्याला मी हात जोडले.

पावसाळ्याच्या तोंडावर मी भिंत धरून उभी राहिले. ऑपरेशन टळलं. डॉक्टर म्हणाला, विश्रांतीने झालं. असेल. मी त्याच्याशीही भांडले नाही.

त्या पावसात बाय अंथरुणाला खिळली. ताप, खोकला आणि पाठीत कळ. मी तिचं करू लागले तर म्हणायची, "वाकू नको, देवीने दिलेलं मोडशील." शेवटी एका दुपारी ती पालथी झाली आणि म्हणाली, "पाय ठेव गो माझ्या पाठीवर."

मी म्हटलं, "मी कुठे पायाळू?"

"मेलेला उठला तो तुझाच ना? ठेव."

मी भिंतीला धरून उजवा पाय तिच्या पाठीवर ठेवला. तिची हाडं तळव्याला लागली. मी देवीचं नाव घेतलं, माझ्यासाठी कधी घेतलं नव्हतं तितक्या जीवाने घेतलं. काही झालं नाही. बाय म्हणाली, "बरं वाटलं." ते खोटं होतं. श्रावण लागायच्या आत ती गेली.

लोक म्हणतात, तिने माझं दुखणं स्वतःवर घेतलं. मला तसं म्हणवत नाही, देवी काही सौदा करायला बाजारात बसत नाही. मी मागितलं नव्हतं ते मला मिळालं आणि मागितलं ते मिळालं नाही. तरी मी देवीच्या पायाशी जाते. भार टाकायचा असेल तर सगळाच टाकावा लागतो, आपल्याला आवडेल तेवढाच टाकून चालत नाही, एवढं मला त्या फरशीवर कळलं. मीठ वाहणं सुटलं, चालणं सुटलं नाही. अजून देवळापर्यंत माझी मी जाते, उजवा पाय थोडा ओढत.

आम्ही दोघी जावा होतो. त्यातली मी जगले.