डबलसीटवाल्यांची शेड

"बाईच्या मागं बसून मी गेटातनं आत येऊ व्हय, साहेब? मान्सं काय म्हन्तील?"

स्टोअरकीपर पवार माझ्या टेबलापुढे उभे होते. शेजारी इन्स्पेक्शनच्या कांबळे मॅडम. इन्स्पेक्शन म्हणजे तयार माल मापून पास-नापास करणारं खातं. दोघं करंजे भागात एकाच गल्लीत राहायचे.

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका मोठ्या कारखान्यात मी पर्सोनेल ऑफिसर होतो. रजा, भांडणं, कँटीनची पातळ आमटी, असं जे दुसऱ्या कुठल्या खात्यात बसत नाही ते सगळं माझ्याकडे यायचं. नव्वदीच्या त्या वर्षांत प्रत्येकाला स्कूटर हवी झाली होती. आमचं पार्किंग ओसंडून वाहत होतं, आणि मॅनेजरसाहेबांना नेमका तिथंच यंत्रकामाचा नवा विभाग, म्हणजे मशीन शॉप, उभारायचा होता.

"पावसाळ्याआधी निम्मी जागा मोकळी करा," ते म्हणाले. "नाहीतर हेड ऑफिस शॉप पुण्याला नेईल."

शॉप साताऱ्यात झालं तर आमची टेम्पररी पोरं कायम होणार होती. बहुतेक पाटणकडची, खोल्या घेऊन राहणारी. मी लगेच नोटीस लावली: एका गाडीवर दोघांनी यावे, पेट्रोल वाचवावे.

कुणी हललं नाही. चहाच्या सुट्टीत विचारत फिरलो. एकाला परतताना म्हशीला वैरण न्यायची असायची. दुसरा म्हणाला, "मागं बसलं की दुसऱ्याच्या टायमानं चालावं लागतंय." तिसऱ्यानं नुकतीच स्कूटर घेतली होती. "लय वर्सं एस्टीत उभा ऱ्हायलो, साहेब. आत्ता कुटं हँडल हातात आलंय."

गेटजवळ ऑफिसरांच्या गाड्यांसाठी पत्र्याची शेड होती. मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, "ही डबलसीट येणाऱ्यांना देऊ."

"आणि आपल्या गाड्या?"

"उन्हात, सर. तुमचीसुद्धा."

त्यांनी खिडकीतून शेडमधल्या आपल्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "लावा बोर्ड."

मे महिना होता. दुपारी सुटताना सीटवर टेकवत नसे. दुसऱ्याच दिवशी जोड्या दिसू लागल्या. वॉचमन तक्रार घेऊन आला. "ही समदी फसवाफसवी हाय. एक गाडी कोपऱ्यावरच्या टपरीमागं लावत्यात अन् तितनं डबलसीट येत्यात."

"येऊ द्या," मी म्हटलं. थोड्याच दिवसांत टपरीवाला वैतागला. त्यानं सगळ्यांना हाकललं, आणि जोड्या घरापासूनच निघू लागल्या.

राहिल्या कांबळे मॅडम. त्यांच्याकडे बिनगिअरची नवी गाडी होती, पण गल्लीत कंपनीतलं माणूस म्हणजे एकटे पवार. पवारांची स्कूटर रोज आडवी केल्याशिवाय सुरू होत नसे. तरी ते अडून बसले होते.

"मग पवारभाऊ, तुम्ही चालवा," मॅडम म्हणाल्या. "मी मागं बसते."

पवारांनी लगेच किल्लीसाठी हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमना मागं बसवून ऐटीत आले. गेटवरच्या स्पीडब्रेकरला त्यांनी सवयीनं डावा लिव्हर क्लच म्हणून दाबला. या गाडीत तो ब्रेक. गाडी जागच्या जागी उभी राहिली, पवार हँडलवर, मॅडम पवारांवर, आणि डबा घरंगळत वॉचमनच्या पायाशी.

मॅडमनी डबा उचलला, साडी झटकली. "पवारभाऊ, उद्यापासून मागं बसा. मला दोन लहान मुलं आहेत."

आणि ते बसले! दोन्ही हातांनी स्टेपनी घट्ट धरून, नजर समोर. कुणीतरी शिट्टी मारली. पवार शांतपणे म्हणाले, "हसा लेकानू. तुमच्या गाड्या तापत्यात तितं." त्यानंतर कोण कुणाच्या मागं बसतंय याची चर्चा आपोआप थांबली. ही जोडी पवार रिटायर होईपर्यंत टिकली. पुढं मॅडमच्या मुलांना शाळेतून आणायचं कामही पवारवहिनींनी अंगावर घेतलं.

पावसाआधी जागा मोकळी झाली. शॉप उभं राहिलं. पाटणची पोरं कायम झाली, पेढे घेऊन माझ्या केबिनमध्ये आली. त्या दिवशी मी फार खुशीत घरी गेलो.

दिवाळीनंतर मॅनेजरसाहेबांनी मला खिडकीपाशी बोलावलं. खाली ओळीनं कोऱ्या करकरीत स्कूटरी उभ्या होत्या, काहींना हारसुद्धा तसेच.

"कुणाच्या या?"

"कायम झालेल्या पोरांच्या, सर."

माणूस कायम झाला की आधी गाडी घेतो, मग लग्नाचं बघतो. पार्किंगचा नकाशा काढणाऱ्यानं एवढं धरून चालावं.