अप्पांनी झोपवलेलं मशीन

आमचे अप्पा लातुरात छपाईसाठी लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचे. त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली अक्षरं नव्या कॉम्प्युटरवर नुसते किडेमकोडे दिसायची, म्हणून मी त्यांच्या कॉम्प्युटरच्या आतच एक जुना कॉम्प्युटर बसवून दिला होता. खिडकीत उघडणारा, हाताला न लागणारा. व्हर्च्युअल मशीन. अप्पा ते कधीच बंद करायचे नाहीत. सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून चालू काम आहे तसं गोठवायचे आणि म्हणायचे, "झोपवून आलो गं त्याला." मी टोकायचे. ऐकतील तर अप्पा कसले.

माझ्या धाकट्या बहिणीची लग्नपत्रिका जुळवत होते, त्याच दिवसांत ते गेले. लग्न लांबलं. नवी तारीख ठरली तेव्हा ती हटून बसली, "ताई, अप्पाच्या हातचीच पत्रिका पाहिजे. दुसरी न्हाई चालायची मला."

त्यांच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क करकर वाजायला लागली होती. मी मशीनचं अख्खं फोल्डर घेऊन नांदेडला आले आणि माझ्या लॅपटॉपवर टाकलं. कॉलेजात हेच शिकवते, त्यामुळे अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते. मशीन उठेचना. गोठवलेलं मशीन वेगळ्या प्रोसेसरवर बहुधा जागं होत नाही, आधी ते नीट बंद करावं लागतं. गोठवलेलं फेकून दिलं असतं तर सुरू झालं असतं, पण अप्पांनी शेवटी जुळवलेलं, सेव्ह न केलेलंही त्यासोबत गेलं असतं. हे मी फळ्यावर लिहून देते पोरांना.

परत लातूरची एसटी धरली. तो कॉम्प्युटर तेवढा एकदा चालू होऊ दे, एवढंच वाटभर मागत होते.

झाला. मशीन जागं झालं. कोपऱ्यातल्या घड्याळात अप्पांनी झोपवलेल्या त्या दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ओळीच्या शेवटी कर्सर लुकलुकत होता. अप्पा चहाला उठले की असाच लुकलुकायचा.

मी सेव्ह केलं. आता फक्त बंद करायचं होतं. बंद केलं की ती दुपार पुन्हा दिसणार नव्हती.

"थोडं राहू दे की," धाकटी म्हणाली.

आम्ही दोघी त्यांच्या रिकाम्या खुर्चीच्या दोन बाजूंना बसून राहिलो. मला फाईल नको होती, अप्पा हवे होते. त्यांच्या घड्याळात पाच वाजले. पाचला अप्पा काम आवरायचे. मग मी मशीन बंद केलं आणि पुन्हा कॉपी करून घेतलं.

नांदेडला ते पहिल्या झटक्यात सुरू झालं. घड्याळ आजचं होतं. पत्रिका मात्र जशीच्या तशी. लग्नाची नवी तारीख तेवढी घातली. 'यांची कनिष्ठ कन्या' या ओळीत अप्पांनी स्वतःच्या नावाआधी 'श्री.' लावलं होतं. आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की तिथं 'लिं.' येतं, म्हणजे लिंगैक्य. लोकांच्या पत्रिकांत अप्पांनी ते जन्मभर जुळवलं. मी धाकटीला फोन लावला.

"तूच टाक ताई. माझ्यानं व्हायचं न्हाई."

मी 'श्री.' खोडलं. 'लिं.' टाकलं. अप्पा करायचे तशी स्पेस मारून ओळ मधोमध आणली. आणि मशीन बंद न करता झोपवून ठेवलं.