आईच्या सहा तुळया

मला एका जागी बसवत नाही. "ह्याच्या पायाला भिंगरी हाये," असं आई लहानपणापासून म्हणायची. भिंगरी नुसती पायाला असती तर चाललं असतं, पण माझी जीभही तसलीच.

गावात सभागृह बांधायचं ठरलं त्या वर्षी मी कॉलेज अर्धवट सोडून वाळूजच्या कंपन्यांचे उंबरठे झिजवत होतो आणि कुठंच काम लागत नव्हतं. आमचं गाव करमाडपासून दोन कोस आत. चार माणसं सावलीला बसतील अशी जागा गावात नव्हती. लग्नं शाळेच्या पटांगणात लागायची. त्या उन्हाळ्यात एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी वावटळ आली आणि अख्खा मांडव उचलून घेऊन गेली. नवरीच्या मामाच्या डोक्यात बांबू पडला. वऱ्हाड जेवलं ते लोकांच्या ओसरीत नि गोठ्यात. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी, म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी, गाव गोळा केलं आणि आम्हा सात-आठ रिकामटेकड्या तरुणांना त्यांनी कामाला जुंपलं.

गावाकडं रोख पैसा थोडा, म्हणून वर्गणी वस्तूंची. संध्याकाळी घरच्या कर्त्यानं मारुतीच्या पारावर यायचं, काय देणार ते सांगायचं आणि ते लगेच भोंग्यावर जाहीर व्हायचं. कुणी दगडाच्या दोन गाड्या, कुणी बैलजोडीचे चार दिवस, कुणी बांधावरचा कडुनिंब. भोंग्यावर एकदा नाव आलं की माघार नाही. शेजारच्या गावातल्या सोयऱ्यांनीही ऐकलेलं असायचं, मग कुठल्या तोंडानं माघार घेणार? माइक माझ्याकडं होता. आवाज खणखणीत होता आणि दुसरा उद्योग नव्हता.

एका संध्याकाळी कुणीच आलं नाही. भिंती उठत आल्या होत्या आणि वरच्या लाकडांचा मेळ बसत नव्हता. मास्तर म्हणाले, "आज भोंगा मुका राहिला तर उद्या कुणी फिरकायचं नाय. गाव थंड व्हायला येळ लागत नाय." आम्ही अर्धा तास एकमेकांची तोंडं बघत बसलो. अर्धा तास म्हणजे माझ्यासाठी जन्मठेप. मी बटण दाबलं, माझ्याच वडिलांचं नाव घेतलं आणि म्हणालो, "यांच्याकडून सभागृहाला सहा सागवानी तुळया!" पारावर टाळ्या पडल्या. मास्तरांनी माझी पाठ थोपटली आणि मला खरंच फार बरं वाटलं.

त्या तुळया आईच्या होत्या. शहरात शहागंजाजवळ एक जुनं घर पाडलं तेव्हा वडिलांनी त्या विकत घेऊन बैलगाडीनं गावी आणल्या, त्याला सहा वर्षं झाली होती. आईला स्वयंपाकघर नव्हतं. ती मागच्या भिंतीला टेकवलेल्या पत्र्याच्या छपरीत स्वयंपाक करायची, तीन बाजूंनी उघड्या. वारा सुटला की राख उडून परातीत पडायची आणि तिचे डोळे बारा महिने लाल. तुळया आल्यापासून ती दर पाडव्याला त्यांना करंजाचं तेल चोळायची, वाळवी लागू नये म्हणून. त्या वर्षी दारात दगडही येऊन पडला होता. दिवाळीनंतर स्वयंपाकघराचं काम काढायचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

वडील तेव्हा कांद्याला पाणी देत होते. भोंगा त्यांनी वावरातच ऐकला. घरी येताना दोघांनी वाटेत थांबवून त्यांना हात जोडले. ते आले, पाय धुतले, आणि मला एवढंच विचारलं, "तू बोललास व्हय?"

"व्हय."

"बरं."

दोन मुस्काटात ठेवून दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. आई भाकरी थापत होती. तिच्या हातून भाकरी कधी करपत नसे. त्या दिवशीही करपली नाही.

सकाळी मी मास्तरांकडं पळालो. "वडलांना विचारलंच नव्हतं मी," म्हणालो. मास्तरांनी चष्मा पुसला. "मग संध्याकाळी तसं सांग. माइक तुझ्याच हातात हाये." संध्याकाळी मी माइकसमोर बसलो. खरं सांगितलं तरी गाव म्हणणार, पोराच्या आडून बापानं शब्द फिरवला. शेवटी कुणाच्या तरी सिमेंटच्या दोन गोण्या जाहीर केल्या आणि उठलो.

मग मी ठरवलं की तुळयांच्या जागी लोखंड आणायचं. लाकडाची गरजच उरली नाही, तर तुळया आपसूक घरी राहतील. शहागंजातल्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे वडील पूर्वी आमच्या बाजाराला यायचे, तेवढ्या ओळखीवर मी त्याच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. त्यानं आधी चहा पाजला, मग "परवा या" म्हणाला. परवा गेलो तर "सोमवारी". मी रोज सायकल हाणत होतो. ताटावरून अर्धा उठायचो. गावात सुताराच्या रंध्याचा आवाज आला की पायडल आणखी जोरात मारायचो. सुतारकामाचे मिस्त्री शेजारच्या गावचे, मुसलमान, हाताला फार सफाई. आमच्या तुळया गाडीतून गेल्या तेव्हा "घाई करू नका चाचा," असं मी त्यांना दोनदा सांगून आलो होतो. तुळया जायच्या आदल्या दिवशी आई तेलाची वाटी घेऊन त्यांच्यापाशी बसली होती. पाडवा नव्हता. ते बघून मी सायकल काढली आणि पुन्हा शहागंज गाठलं.

आठव्या दिवशी व्यापारी पाघळला. भरपूर अँगल दिले, एक पैसा न घेता. टेम्पोच्या भाड्यासाठी मी वाळूजजवळ बजाजनगरला गेलो. आमच्या गावची पोरं तिथं एका खोलीत सहा-सहा राहायची. त्यांची कंपनीतली पाळी सुटेपर्यंत दारात बसलो आणि प्रत्येकाकडून थोडंथोडं उपटलं. दुसऱ्या दिवशी टेम्पोत लोखंडावर बसून मी गावात शिरलो तो लढाई जिंकल्यासारखा.

सभागृहापाशी भुशाचा ढीग होता. सहा तुळया कापून, खाचा पाडून दोन-दोन सांधलेल्या अशा तीन जोड्या केलेल्या, त्यातली एक वर चढलेलीसुद्धा.

"चाचा, म्या म्हणलं होतं ना थांबा म्हणून!"

मिस्त्रींनी पेन्सिल कानावर ठेवली. "मैं तो रुकाच था बेटा. तेरी अम्मा आको यहींच बैठे कल. बोले, भाऊ, आजच कापा, पोरगा यायच्या आत. मेरा हात नई उठ रा था. पर उनो बोले तो क्या करता?"

मी तसाच घरी गेलो. आई छपरीत फुंकणीनं चूल फुंकत होती.

"आई, कामून केलं असं?"

"आठ दिस तू घरात टेकला नायस. तू काय करायलास ते मला दिसत नव्हतं व्हय? तुझ्या बापानं बरं म्हणलं ना एकदा? मग त्यांना गावात खाली मान घालून चालायला लावू?" एवढं बोलून ती पुन्हा फुंकायला लागली. मला तिच्यासमोर बसून रडायचं होतं. तेही जमलं नाही, मी उठून बाहेर गेलो.

लोखंड खिडक्यांना आणि व्यासपीठाला लागलं. उरलेलं तुमच्या घराला न्या, असं मास्तर म्हणाले तेव्हा वडिलांनी सरळ नकार दिला, "गावाच्या नावानं मागून आणलेलं माझ्या घरात नको." दारातला दगड तसाच पडून राहिला. पुढं मला वाळूजला नोकरी लागली आणि मी आईला स्लॅबचं स्वयंपाकघर बांधून दिलं. पण तोवर तिला नीट दिसेनासं झालं होतं. ती त्याच्या दारात बसून लसूण सोलायची.

त्या सभागृहात आजवर किती लग्नं लागली, आणि मी एकाही पंगतीला बसलेलो नाही. मी वाढतो. ह्या वयातही काय उत्साह, म्हणून लोक कौतुक करतात, आणि मी ते करू देतो.

तिथल्या पहिल्याच लग्नात मी वरणाची बादली घेऊन फिरत होतो. आई बायकांच्या पंगतीत होती. तिनं मला खुणेनं बोलावलं आणि वर बोट दाखवलं.

"ती बघ, गाठीची. ती चुलीवर येणार व्हती. तिच्या शेजारची रांजणावर. आन् ती कडंची, खिळ्याचं भोक हाये ना, तिला मी शिंकं टांगणार व्हते."

आवाजात राग नव्हता. नवं घर पाहुण्याला दाखवावं तसं ती दाखवत होती. मी बादली धरून तसाच उभा राहिलो.

"वाढ की," आई म्हणाली. "लोकं खोळंबलीत."