पाचव्या दिवशी उपटलेली पिन

दार ओढलं, उघडलं नाही. बाहेरून कडी होती. पंखा थांबला होता, खिडकीला धुळीसाठी पुठ्ठा ठोकलेला, आणि टेबलावरचं नातीचं यंत्र गरम वारा माझ्या तोंडावर फेकत होतं. मे महिन्याची दुपार. श्वास पुरेना.

लाईट गेली होती. यंत्र इन्व्हर्टरवर चालू होतं. पंख्याची वायर नातीनंच त्यावरून काढली होती, यंत्राला जास्त वेळ पुरावं म्हणून.

नात विद्यापीठात संशोधन करते. तिचं काम मला कळलं ते असं. जमिनीखाली एक मोठी टाकी बांधायची आहे. तिच्यातून बारीक कण गेला की उजेडाचे ठिपके उडतात आणि भिंतींवर बसवलेल्या डोळ्यांवर जाऊन पडतात. टाकी बांधण्याआधी ते ठिपके कॉम्प्युटरात पळवून बघायचे. एकेक पळवला तर वर्ष जाईल. म्हणून पोरं गेमसाठी घेतात तसलं ग्राफिक कार्ड तिनं बसवलं. ते हजारो ठिपके एकदम हाकतं. कन्नड तालुक्यात मी मेंढरं हाकली आहेत, त्यामुळं एवढं डोक्यात शिरलं.

"आजी, पाच दिवस सलग चालणार हे. मधी बंद पडलं तर सगळं पहिल्यापासून. जग बुडालं तरी हात लावू नको," असं तिनं बजावलं होतं. तो पाचवा दिवस होता. उद्या ते सरांना द्यायचं होतं.

चूक माझी. शेजारी जाते म्हणून निघाले, तिथं कुलूप दिसलं, परत येऊन न सांगता टेबलामागं फरशीवर आडवी झाले. डोळा लागला. तेवढ्यात आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. नातीनं घागरी उचलल्या, रोजच्या सवयीनं खोलीला कडी घातली आणि खाली पळाली.

मी ओरडले. दारावर चप्पल आपटली. खाली बायका नंबरावरून भांडत होत्या, आत यंत्र गुरगुरत होतं. इन्व्हर्टर आपोआप उतरेल म्हणून भिंतीला टेकून बसले. उतरेना. डोळ्यांपुढं अंधारी आली. तिचे पाच दिवस आठवत होते, नाही असं नाही. तरी हात घातला आणि पिन उपटली.

खोली गप्प झाली. नात घागर घेऊन जिन्यात होती. माझी हाक तिला ऐकू आली नव्हती. यंत्राचा आवाज थांबलेला ऐकू आला.

"बंद कसं पडलं?" म्हणतच तिनं दार उघडलं. मग मी दिसले. "आजी! तू हितं?"

"नाय तर कुठं? तुझ्या टाकीत?"

"पाच दिवस गेले गं माझे."

"व्हय, मीच उपटली पिन. आधी पाणी दे."

तिनं घागर माझ्या डोक्यावर ओतली. मग सरांना फोन लावला. उद्या पुढं पाठवायच्या कामात तुझा भाग धरता येणार नाही, असं ते म्हणाले. ती "हो सर" एवढंच बोलली.

तिचं काम गेलं. मी वाचले.