घण उचलून दाखव

"उचल की. इंजिनियर व्हायचंय ना?"

मास्तर हसत होते. लोहारकामाची शेड. प्रवेशाला आलेली पोरं गोल करून उभी. मधे माझी लेक, साडीत. पुढ्यात घण.

दोन्ही हातांनी तिनं तो गुडघ्यापर्यंत आणला. पदर घसरला. सावरायला एक हात सोडला, तसा घण खाली आदळला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल. सोलापुरातलंच कॉलेज. लेक मॅट्रिकला शाळेत पहिली आलेली. तिला मशीनचा डिप्लोमा करायचा होता. मुलीला जागा देऊ नये असा नियम नव्हता. म्हणून घण.

मी दारातून आत गेले. "मास्तर, ह्या पोरांनी उचलला का आधी?"

"त्यांना कशाला लावू, मावशी? मुलगे आहेत ते."

"मग हिलाच का?"

"गृहशास्त्राला घाला पोरीला. संसारात उपयोगी पडेल."

मागून एक पोरगा म्हणाला, "पोळ्या तरी गोल लाटंल." परत हशा.

चौथी शिकलेली मी. ह्या मास्तरांच्या वर कोण असतं, त्याला कुठं गाठायचं, काही ठाऊक नव्हतं. लेक म्हणाली, "आई, चल हितनं."

आमच्या घरी हातमाग. मागावर पुरुष बसणार, बायका सुताच्या कांड्या भरणार. कुणी कधी का म्हणून विचारलं नाही. मीही नाही. त्या दिवशी रस्त्यानं चालताना पहिल्यांदा डोक्यात आलं, मला तरी मागावर कधी कुणी बसवून बघितलं?

घरी येऊन सांगितलं, तर मालक मागावरून उठलेसुद्धा नाहीत. "बरं झालं. मंद्रूपचं स्थळ हाय. उरकून टाकू."

"न्हाय."

लग्न झाल्यापासून हा शब्द मी त्यांना म्हटला नव्हता.

"पुढल्या साली परत नेणार तिला."

"परत हाकलत्याल की."

"हाकलू द्या. तरी नेणार."

नेली. मास्तर तेच, हसणं तेच. जागा मिळाली नाही. ती कधीच मिळाली नाही.

लोक म्हणतात, झालं गेलं विसर, आता मुली शिकतात. शिकू देत. ती जागा माझ्या लेकीची होती. तिच्याकडून ती काढून घेतली. मी विसरणार नाही. माफही करणार नाही.

सोसलं तिनं. बघितलं मी. मी तिची आई.