धुरा पाहून भरोसा

आमगावच्या फलाटावर त्या सकाळी जाणारे आम्ही तीन होतो आणि पोचवायला आलेले अकरा. नवऱ्याचं कापडाचं दुकान बसलं होतं, पुण्यात एका गोदामात त्याला काम मिळालं होतं. मी, तो, सहा वर्षांची पोरगी, दोन पोती तांदूळ आणि एक शिलाई मशीन, जी पुण्यात आजवर मी एकदाही चालवलेली नाही. माय डोळे पुसत म्हणाली, "कोनावर लवकर भरोसा नोको करजो." बाबूजी त्याच दमात म्हणाले, "जाशीन तिथं पहिले आपलं नाव-गाव सांगजो. मानूस वळखीनंच बोलते." मी दोघांनाही हो म्हटलं. दोन्ही सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे माझ्या लक्षात गोंदियाला गाडी बदलल्यावर आलं. मी तशी हुशार, फक्त उशिरा.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठे राहता तुम्ही?" मी म्हटलं, "इथंच तं राहून राहिली." काकू इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. पोरगी महिन्याभरात 'येतेय, जातेय' शिकली. मला दोन वर्षं लागली. आता आमगावात गेलं की वहिनी म्हणते, "पुनेवाली आली", आणि पुण्यात लोक विचारतात, "नागपूरच्या का तुम्ही?" गोंदिया नागपूरच्याही पुढे, छत्तीसगडच्या वेशीवर आहे, हे समजावून सांगणं मी सोडून दिलंय.

त्याच भाषेनं नोकरी मात्र दिली. लोकांची मतं फोनवरून विचारणाऱ्या एका कार्यालयात 'पूर्व विदर्भाची बोली येणारी बाई' हवी होती. कानाला हेडफोन, समोर कॉम्प्युटर, त्यावर प्रश्न. मी विचारायचं, समोरच्यानं एक ते पाचमध्ये आकडा द्यायचा. आकडा नाही मिळाला तर 'माहीत नाही' या रकान्यात टिचकी मारायची. चहा पावडर, टीव्ही, बँका, सगळ्यांवर मी गोंदिया जिल्ह्याची मतं विचारलीत.

आता एक कबुली. मध्यंतरी सीमेवर तणाव होता तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फार लढले. सोसायटीतल्या एका बाईंनी पाठवलेला व्हिडिओ पुढे ढकलला आणि खाली लिहिलं, आता एकदाचं होऊनच जाऊ द्या. चौथ्या मजल्यावरून युद्ध करायला लागतं काय? चार्जर. आमगावहून धाकट्या भावाचा, विनोदचा, मेसेज आला, "ताई, तू कायले एवढी लढून रायली? तुले हे कोनं सांगतलं?" मी बाईंचं नाव लिहिलं. त्यानं लिहिलं, "त्याईले कोनं सांगतलं?" यावर मी हसरा चेहरा पाठवला आणि फोन उलटा ठेवला. खरं सांगायचं तर बाईंना कोणी सांगितलं हे विचारावं असं मला सुचलंच नव्हतं. बाई चांगल्या, टापटीप, त्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट. मी कपाटावर विश्वास ठेवला होता.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत आमच्या कार्यालयात नवी प्रश्नावली आली. मानसशास्त्राचे कोणी अभ्यासक होते, त्यांना पाहायचं होतं की शेजारी देशांशी कसं वागावं, लोकशाहीवर किती विश्वास आहे, हे लोक कशावरून ठरवतात. आमच्या वरिष्ठ केतकी मॅडम. माझ्याहून बऱ्याच लहान, गोड स्वभावाच्या, मला 'ताई' म्हणणाऱ्या. त्यांनी बजावलं, "ताई, एकही शब्द इकडचा तिकडे नको. स्वतःविषयी काही सांगायचं नाही."

मी इमानदारीनं वाचू लागले, "शेजारी देशांवर आपला किती विश्वास आहे? एक म्हणजे अजिबात नाही..." पलीकडून 'का'साठीचा आमच्याकडचा एकच शब्द येई, "काऊन?" काऊन विचारून रायल्या, कोन विचारून रायलं, आमचं नाव कुठं जाईन? त्या 'काऊन'ला प्रश्नावलीत रकाना नव्हता. मग 'माहीत नाही'. पुन्हा 'माहीत नाही'. दोन दिवसांत माझ्या सगळ्या जिल्ह्याला काहीच माहीत नाही असं दिसू लागलं.

तिसऱ्या दिवशी चिचगडकडचे एक गृहस्थ लागले. नाव सांगणार नाही, तो नियम मलाही मान्य आहे. त्यांनीही विचारलं, "काऊन?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, मी आमगावची पोरगी आवो. पोट भरून राहिली इथं."

"आमगावची? कोनाच्या घरची?"

सांगितलं. बाबूजींचे बैल त्यांनी कधीतरी देवरीच्या बाजारात पाहिले होते म्हणे.

"मंग पहिले नाई सांगाचं? विचार."

मी विचारलं. ते म्हणाले, "देशाबिशाचं मले काय मालूम बाई. मी माह्या वरच्या बांधीवाल्याचं सांगतो. तो पानी कवा सोडते, सांगत नाई. एका साली माहा सारा रोवना वाहून गेला. म्हून मी का त्याचं डोस्कं फोडलं? नाई फोडलं. पर आता पानी यायच्या पहिले मी धुऱ्यावर जाऊन उभा रायतो. त्याच्यासंग बोलतो, त्याले बिडी देतो, आन् धुरा बी पाहून घेतो. भरोसा असा असते. धुरा पाहून."

बांधी म्हणजे धानाचं खाचर, रोवना म्हणजे त्यातली लावणी, धुरा म्हणजे खाचराचा बांध. आणि मी म्हणजे चौथ्या मजल्यावरून डोकं फोडायला निघालेली बाई.

"आणि लोकशाहीवर किती भरोसा, काका? एक ते पाच?"

"मत द्याच्यावर पाच. मत घेऊन गेलेला गावात परत येत नाई, त्याले किती देऊ ते तूच लिव. तू पगार घेते."

आमचे फोन रेकॉर्ड होतात; सोमवारी हा फोन सगळ्या खोलीसमोर वाजवला गेला. बिडी आली तेव्हा लोक हसले. सोबतची एक पोरगी म्हणाली, "काकांनी परराष्ट्र धोरण शेतात नेलं!" आणि मीही हसले, कारण मला सवय आहे. मग केतकी मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही स्वतःची ओळख दिलीत, ते चुकलं. आणि हे 'माहीत नाही'मध्ये टाका. त्यांना प्रश्न समजलाच नाही."

ओळख दिली ती चूक मी मान्य केली. पण दुसऱ्या वाक्यानंतर मला हसू येईना. म्हटलं, "मॅडम, प्रश्न त्यांना समजला. उत्तर आपल्याला समजलं नाही."

मी आयुष्यात पहिल्यांदा एसी असलेल्या खोलीत आवाज चढवला होता आणि तो बारीक निघाला, पण निघाला. म्हटलं, "शेजाऱ्याशी बोलावं, भांडू नये, पण डोळे उघडे ठेवावेत, हे त्यांनी सांगितलं. ह्याहून नेमकं मत आपल्या यादीत कोणाचं आहे? पाचपैकी पाच, पाचपैकी एक? मी ते शब्द जसेच्या तसे लिहीन. 'माहीत नाही' मी लिहिणार नाही. खोटं होईल."

"मग ही प्रश्नावली तुमच्याकडून काढून घ्यावी लागेल."

"घ्या."

घेतली. माझ्या जिल्ह्याचे फोन दुसरीला दिले, आणि मला अंगाच्या साबणाच्या प्रश्नावलीवर टाकलं. संध्याकाळी बाबूजींना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "साबनाचं तरी खरं लिवू देतेत का?" मागून मायचा आवाज, "तिले म्हना, झगडा नोको करू." आणि बाबूजी माघारी वळून, "काऊन नाई करावं?"

तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, इतकी वर्षं मी घर म्हणजे काय ते चुकीच्या ठिकाणी शोधत होते. पोह्यात, धानाच्या वासात, गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या जत्रेच्या फोटोत. ते सगळं मिळतं, पुण्यातही मिळतं. जिथं माझ्या म्हणण्याला 'कोनं सांगतलं' म्हणून अडवतात, आणि अडवून झाल्यावर पूर्ण ऐकूनही घेतात, ते माझं घर. विनोदचं आणि माझं मत आजही जुळत नाही. आम्ही रोज भांडतो. व्हिडिओ मात्र मी आता विचारून पुढे पाठवते, म्हणजे जवळजवळ पाठवतच नाही.

मागच्या आठवड्यात केतकी मॅडम चहा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. गोंदियाचे फोन अर्ध्यात कापले जाताहेत, पुढच्या फेरीला मी परत येईन का? मी म्हटलं, येईन. प्रश्नांखाली एक मोकळी जागा द्या, माणूस बोलेल तेवढी, आणि 'काऊन' विचारलं तर खरं उत्तर द्यायची मुभा. त्या म्हणाल्या, वर विचारावं लागेल.

विचारा म्हटलं. तोवर मी साबण विचारून राहिले. हो, विचारून राहिले. असंच म्हणणार.